गावाला दिलेलं नाव

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

पोचले एकदाची. भांडुपहून पवई म्हणजे काही परदेश नाही, पण आईने उशी, दोन चादरी, ठेच्याची बरणी आणि ज्वारीचं पीठ असा संसार बांधून दिला की रिक्षावाल्याला वाटलं, ही बाई नवऱ्याशी भांडून निघाली. त्याने तसं विचारलंही. मी सांगितलं, नाही रे दादा, कामाला चालले, रशियाला. त्यानंतर तो बोलायचाच बंद झाला.

थोडंफार खरंच होतं ते. सहाव्या मजल्यावरच्या या फ्लॅटमध्ये दोन महिने राहून मला एका गेलेल्या माणसाच्या रशियन वह्या मराठीत आणायच्या आहेत. श्यामसुंदर देवस्थळी. इंजिनियर होते, १९७४ पासून तीन वर्षं तिकडे एका धरणावर प्रशिक्षणाला होते, गेल्या जानेवारीत गेले. त्यांच्या पत्नी सुहासिनीकाकू आता एक्याऐंशीच्या आहेत. वर्षश्राद्धापर्यंत या वह्यांचं छोटंसं पुस्तक व्हावं, एवढीच त्यांची इच्छा. आम्हाला मूलबाळ नाही, मागे राहील ते पुस्तकच, असं त्यांनी चहा गाळता गाळता सांगून टाकलं.

मला बरं वाटलं काम मिळाल्याचं. लहानपणी बाबांनी फुटपाथवरून रशियन गोष्टींचं एक स्वस्त पुस्तक आणलं होतं, त्या नादाने मी कॉलेजात रशियन घेतलं, आणि पुढची पंधरा वर्षं मशीनची माहितीपत्रकं आणि गोळ्यांच्या खोक्यांतले कागद भाषांतरित करत बसले. गोष्ट पहिल्यांदाच हातात आली आहे.

घर झकास आहे. गॅलरीतून तळं दिसतं, पलीकडे झाडी. तळ्यात मगरी आहेत म्हणे. काकू म्हणाल्या, घाबरू नकोस प्रियंका, सहाव्या मजल्यावर येत नाहीत. म्हणजे आपलं जमणार. हॉलमध्ये काचेच्या कपाटात लाकडी बाहुल्या आहेत, चहाचं पाणी उकळायचा एक समोवार आहे आणि जाड लोकरीचा एकच छोटासा बूट आहे. कुणाचा ते काकूंना माहीत नाही. यांनी आणला असेल, फेकवत नाही म्हणून ठेवलाय, म्हणाल्या.

संध्याकाळी एक गंमत झाली. दिवेलागणीला काकूंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. मी घाबरले, आणि त्या आपल्या साखर किती घालू म्हणून विचारतायत. रोज याच वेळेला होतं म्हणे, चाळीसेक वर्षं झाली, डॉक्टर म्हणतात डोळे कोरडे आहेत. मी म्हटलं, काकू, हे कोरडे असतील तर ओले कसे असतात? खूप हसल्या. मग डोळ्यांत थेंब घालून स्वयंपाकाला लागल्या.

आता माझा नियम. दिवसातून एकदा तिचं नाव लिहायचं, इथे नाहीतर कुठल्याही चिठोऱ्यावर, काहीही झालं तरी. घरात सगळे तिचं नाव घ्यायला घाबरतात, आणि मला भीती वाटते की न घेतलेलं नाव एक दिवस सापडायचंच नाही. म्हणून लिहिते. उत्पला. माझी मुलगी. तीन वर्षांपूर्वी ऑक्टोबरात डेंग्यूने गेली. आठवं पूर्ण व्हायला तीन आठवडे होते. तिची कंपासपेटी बॅगेत घेऊन आले आहे. झाकणावर तिनेच मार्करने लिहिलंय, उत्पला, ३ री ब.

५ नोव्हेंबर, बुधवार

वह्या तीन आहेत. पहिल्या दोन रशियनमध्ये, तिसरी बारकी वही मराठीत. तिसरीचं मला काम नाही, म्हणून बाजूला ठेवली. अक्षर मोत्यासारखं आहे. काका ऊस्तिन्या नावाच्या म्हातारीच्या घरी भाड्याने राहत. ती मासे साफ करता करता आपल्या बुडालेल्या गावाच्या गोष्टी सांगे आणि हे लिहून घेत. पहिली गोष्ट गाव कसं वसलं याची आहे. आज कच्चं भाषांतर झालं. थोडक्यात अशी.

दुष्काळाने बारा कुटुंबं घर सोडून निघाली आणि चालत चालत नदीच्या एका वळणावर आली. जमीन काळी, मासे मुबलक. पण दिवसा भिंत उभी केली की रात्रीतून ती गुडघाभर खचायची. असं तीनदा झालं. तेव्हा त्यांच्यातला एक म्हातारा म्हणाला, ही जमीन आपल्याला ओळखत नाही. हिला नाव द्या. पण नवं बनवलेलं नाव चालणार नाही. कुणीतरी अंगावर वागवलेलं, दारातून हाक मारलेलं, ज्याला कुणी ओ दिलेली आहे असं नाव हवं. जिवंत माणसाचं नाव कोण देणार? अगाफ्या नावाच्या विधवेचा मुलगा वाटेत थंडीने गेला होता. तिच्याकडे त्याचा एक बूट उरला होता. तिने त्याचं नाव दिलं. त्या रात्री भिंती खचल्या नाहीत. आणि सकाळी अगाफ्या बूट घेऊन नदीवर आली आणि भेटेल त्याला विचारू लागली, हा कुणाच्या पोराचा हो?

बाराही कुटुंबांनी शपथ घेतली की तिला कुणी सांगायचं नाही. कारण नाव तिच्याकडे परत गेलं तर घरं खचतील. अशा रीतीने गाव वसलं.

वाचून मी बराच वेळ गॅलरीत जाऊन उभी राहिले. उत्पला.

८ नोव्हेंबर, शनिवार

एक अडचण. गावाचं नावच नाही. ऊस्तिन्या म्हणे, धरणाच्या पाण्यात गाव गेलं तेव्हा नावही गेलं. गोष्ट सांगताना त्या जागी नुसतं थांबायचं, श्वास घ्यायचा आणि पुढे जायचं. काकांनी तशी रिकामी जागा सोडली आहे. फक्त शेवटच्या पानावर एका ठिकाणी काहीतरी लिहिलेलं होतं, ते ब्लेडने इतकं खरवडलंय की कागदाला भोक पडलंय. भोकातून पानामागची माझी बोटं दिसली.

काकूंना विचारलं तर त्यांना काही ठाऊक नाही. त्यांना माझं पिठलं आवडलं. उद्या रविवार, भांडुप. उत्पला.

११ नोव्हेंबर, मंगळवार

आज तिला अकरा वर्षं पूर्ण झाली असती.

लिहूनच टाकते, म्हणजे एकदाचं होईल. माझ्या आईचा, सोनूबाईचा, एक नियम आहे. दिवेलागणीनंतर कुणी हाक मारली तर तिसऱ्या हाकेलाच ओ द्यायची, पहिल्या दोन कुणाच्याही असू शकतात. उत्पलाला याची फार मजा वाटायची. संध्याकाळी ती मुद्दाम तीनदा हाक मारायची, आणि मीही दोन वेळा बहिरी व्हायचे आणि तिसरीला मोठ्याने ओ द्यायचे. खेळच झाला होता आमचा. ती आजारी पडली तेव्हा पहिले दोन दिवस मीच म्हटलं, व्हायरल आहे, उतरेल. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी बाहेर गॅलरीत एका पंपाचं माहितीपत्रक संपवत बसले होते. आतून तिने हाक मारली. आई. मग पुन्हा, आई. मी तिसरीची वाट बघत राहिले. तिसरी आली नाही. आत गेले तेव्हा ती शुद्धीवर नव्हती, आणि पुन्हा आलीच नाही.

हे माझ्या नवऱ्याला, आकाशलासुद्धा सांगितलेलं नाही मी.

आज दिवसभर काम केलं. रिकाम्या जागांनी वाक्यं अडत होती. भाषांतरात अशी जागा आली की आम्ही तात्पुरतं काहीतरी टाकून पुढे जातो आणि शेवटी एका फटक्यात सगळीकडे बदलतो. मी नेहमी अबक टाकते. आज बोटांनी तिचं नाव टाकलं. सतरा ठिकाणी. वाचून बघितलं तर वाक्यं एकदम उभी राहिली. असू दे दोन दिवस, वाढदिवस आहे. नंतर बदलेन.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

दोन रात्री गाढ झोपले. तीन वर्षांत असं झालं नव्हतं. उठल्यावर छातीवरचं ओझं कुणी उचलून नेल्यागत हलकं वाटलं. आकाशला फोन करून सांगितलं, तर तो म्हणाला, बघ, मी म्हणत होतो ना, हवापालट पाहिजे होता तुला. आकाश लिफ्ट दुरुस्त करतो. त्याच्या मते सगळ्यावर हवापालट आणि ग्रीस हे दोनच उपाय आहेत.

सकाळी तळ्यापलीकडच्या झाडीतून धुराची एक सरळ रेघ वर जात होती. लाकडं जळल्याचा वास गॅलरीपर्यंत आला. काकूंना आला नाही. काल नाव लिहायचं राहिलं, पहिल्यांदाच. आजचं लिहिते. उत्पला.

१६ नोव्हेंबर, रविवार. भांडुप

आईने पुरणपोळी केली होती. बोलता बोलता म्हणाली, उत्पलाला कटाची आमटी किती आवडायची. मी विचारलं, कुणाला?

आईच्या हातातली पळी तशीच राहिली. मला लगेच आठवलं, लगेचच, पण तो एक क्षण झाला होता. मी भांडी घासायला उठले.

थकले असेन. सारखं पडद्यावर बघून होतं असं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

फाइलमध्ये एक वाक्य आहे जे मी लिहिलेलं नाही. मूळ वहीतही नाही. तीनदा तपासलं.

‘बाराव्या घरात एक मुलगी राहते. तिच्या दोन वेण्या असतात, त्यातली डावी नेहमी सुटलेली.’

डावी. मी रोज शाळेच्या दारात उभी राहून पुन्हा बांधायचे ती. भीती वाटायला हवी होती. वाटलीही. पण त्याआधी, खोटं कशाला लिहू, आनंद झाला. मी त्या वाक्यावर बोट फिरवत बसले. उत्पला उत्पला उत्पला.

समोर आता चार ठिकाणी धूर दिसतो.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

‘मुलगी सकाळी नदीवर जाते. तिला तिथलं पाणी गार लागतं. माझी आई वहीत लिहिते, असं ती सगळ्यांना सांगते.’

काकूंना वाचून दाखवलं. छान झालंय म्हणाल्या. मग म्हणाल्या, लहान मुलांचं काही वाचलं की माझा हात असा का होतो गं? बघितलं तर त्यांचा उजवा हात मांडीवर हळूहळू थोपटत होता. कुणाला थोपटत होता ते त्यांना माहीत नव्हतं, आणि मलाही नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार. भांडुप

घरात शिरल्यावर भिंतीवर एका मुलीचा फोटो दिसला, हार घातलेला. गोड मुलगी. मी आकाशला विचारणार होते की ही कोण. तोंड उघडलं होतं. तेवढ्यात —

मोरीत जाऊन हातावर नाव लिहिलं पेनाने. मनगटापासून कोपरापर्यंत. आकाशने पाहिलं. माझ्या बाहीचं बटण लावून दिलं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

आज काम सोडून दुसरी वही अथपासून इतिपर्यंत वाचली. शेवटी ऊस्तिन्या म्हणते की शपथेची गोष्ट खोटी आहे. लाज वाटू नये म्हणून गावाने ती नंतर रचली. खरं असं झालं की लोकांना अगाफ्याची दया आली आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी तिला सांगून टाकलं. तुझ्या पोराचा बूट आहे बाई, अमुक त्याचं नाव. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, हो, हेच आपलं गाव, मी इथेच राहते. रोज संध्याकाळी कुणी ना कुणी नदीवर जाऊन तिला सांगायचं. रोज ती हेच म्हणायची. ती मरेपर्यंत.

नाव तिला ऐकू यायचं. फक्त गावाचं म्हणून ऐकू यायचं. जो देतो त्याच्यापुरतंच तसं होतं, असं लिहिलंय. बाकी सगळ्यांना आठवत राहतं.

मी सतरा ठिकाणी दिलंय. माझ्या हाताने.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

तिसरी वही. मराठीतली. काकांनी १९८१ साली लिहिलेली. तेव्हा ते घाटकोपरला राहत होते. उतरवून घेते, कारण मी काय विसरेन याचा भरवसा नाही.

‘आमचा मुलगा गेल्याला दोन वर्षं झाली तरी सुहासचं रडणं थांबेना. जेवेना, झोपेना. मला वाटलं, ती गोष्ट खरी असेल तर हिची सुटका होईल. मी वही उघडली आणि तिच्या हाताने त्या जागी त्याचं नाव लिहून घेतलं. कशासाठी ते तिला सांगितलं नाही. त्या दिवसापासून ती रडायची थांबली. आठवड्याने विचारू लागली की आपल्याकडे ही लहान खाट कुणाची. मी खाट देऊन टाकली. पण दिवेलागणीला तिच्या डोळ्यांतून पाणी येतं, आणि का येतं ते तिला कळत नाही, हे मला बघवेना. म्हणून मी ब्लेडने ते नाव खरवडून काढलं, की परत येईल. परत आलं नाही. उलट त्या क्षणापासून मलाही आठवत नाही. माझ्या आईला विचारलं, तिलाही नाही. दाखल्यावर ती जागा कोरी आहे. मुलगा होता, रशियाहून मी त्याला बूट आणले होते, एक हरवला, एवढंच उरलंय. आता त्याचं नाव जगात कुठेच नाही. हे मी केलं.’

काकू आत भाजी निवडत होत्या. रेडिओबरोबर गुणगुणत होत्या. मूलबाळ नाही म्हणणाऱ्या काकू.

मी वही मिटली आणि ठरवलं की त्यांना कधीही सांगायचं नाही. सांगायला माझ्याजवळ नावच नाही.

२६ नोव्हेंबर, बुधवार

सकाळपासून फाइल उघडून बसले आहे. सगळी नावं निवडलेली आहेत, निळी झालीत. एक बटण दाबलं की सतराच्या सतरा पुसली जातील.

पुसलं तर माझ्याकडे परत येणार नाही. आणि आकाशचंही जाईल. आईचंही. तिच्या शाळेच्या बाईंचं, शेजारच्या सपनाच्या पोरीचं, जिच्याशी ती भांडायची. मग तिला उत्पला म्हणून हाक मारलेली कुणालाच आठवणार नाही.

ठेवलं तर फक्त माझं जाईल.

आकाशला फोन करून सगळं सांगितलं, तिसऱ्या हाकेचंसुद्धा. आधी तो म्हणाला, तू उद्याच्या उद्या घरी ये. मग म्हणाला, वेडी आहेस का, दोन हाका ऐकल्या होत्यास ना तू, तिला माहीत होतं तू तिथेच आहेस. मग तो रडायला लागला. मी त्याच्याकडून वचन घेतलं की रोज एकदा तिचं नाव मोठ्याने घ्यायचं, नियम आता तुझा.

मी बटण दाबलं नाही. माझं एकटीचं गेलं तर जाऊ दे. कुठल्यातरी नदीकाठी बारा घरं तिच्या नावावर उभी आहेत, चुली पेटतायत, डावी वेणी सुटतेय. आई म्हणून दोन हाकांना मी ओ दिली नाही. एवढं तरी देते.

स्वतःसाठी मोठ्या अक्षरात लिहून ठेवते. उत्पला ही माझी मुलगी आहे. उत्पला हे गाव नाही.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी उठून ते वाक्य वाचलं. आठवलं. दुपारी वाचलं, आठवलं. संध्याकाळी वाचल्यावर थोडा वेळ लागला —

ती झोपताना माझा कान धरायची. डावा. हे लिहून ठेवते.

२८ नोव्हेंबर

कान धरायची. कुणीतरी. उत्पला ना? उत्पला. हो.

बॅग भरली होती घरी जायला. कशासाठी भरली ते आठवेना, पुन्हा लावून ठेवली.

३० नोव्हेंबर, रविवार

आज भांडुपला गेले नाही. काम चांगलं चाललंय. उत्पला या गावाचं प्रकरण जवळजवळ झालं. नदी, बारा घरं, बाराव्या घरातली ती मुलगी, सगळं छान जमलंय. नावही गोड आहे गावाचं. रशियन वाटत नाही, पण जुन्या गावांचं काय सांगावं.

पलीकडे काठावर बारा धूर मोजले. काकूंना दाखवले. त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, मला कुठे काय दिसतंय गं, डोळ्यांत पाणी आहे.

२ डिसेंबर

बॅगेत एक कंपासपेटी सापडली. झाकणावर गावाचं नाव लिहिलंय, मुलाच्या अक्षरात. ३ री ब. गल्ली असेल. आत तुटका शार्पनर, दोन रबर, एक दुधाचा दात कागदात गुंडाळलेला.

कुणाची आहे? काकूंना विचारलं. वॉचमनला विचारलं. तळ्यावर फिरायला येणाऱ्यांना विचारलं. एका बाईने विचारलं, तुम्ही रडताय का? नाही, म्हटलं. डोळे कोरडे झालेत.

३ डिसेंबर

दिवेलागणीला काकूंच्या डोळ्यांत थेंब घातले, मग त्यांनी माझ्या घातले. दोघी गॅलरीत बसलो होतो. त्यांच्या मांडीवर बूट, माझ्या मांडीवर पेटी. काकू म्हणाल्या, काय गं, आपण कुणाची वाट बघतोय का?

वहीत मागे एक वाक्य आहे, मोठ्या अक्षरात. उत्पला हे गाव नाही. माझंच अक्षर. भाषांतराचं काहीतरी असेल. चुकीचं आहे, खोडायला हवं. खोडवलं नाही.

६ डिसेंबर, शनिवार

आकाश आला होता. दर सहा डिसेंबरला आम्ही चैत्यभूमीला जातो, न्यायला आला होता. मी म्हटलं, काम आहे रे. त्याने दारातच मोबाइलमध्ये एक फोटो दाखवला, कुणाचीतरी लहान मुलगी. माझे दोन्ही दंड धरले आणि गावाचं नाव घेत राहिला. उत्पला, उत्पला, प्रियंका, उत्पला. मी म्हटलं, हो रे, तेच गाव, त्याचंच काम चाललंय, झालंच आता.

तो जिन्यात खाली बसला. एवढा मोठा माणूस, तोंडात रुमाल कोंबून —

त्याचं कुणीतरी गेलं असावं. मी विचारायला हवं होतं. फार वाईट वाटतंय, आणि कशाचं ते —

७ डिसेंबर

फाइलमध्ये नवीन ओळ. ‘आज संध्याकाळी मुलगी पाण्याजवळ येऊन हाक मारणार आहे.’

दिवेलागण झाली. धूर नाही आज. सगळं गाव थांबल्यासारखं. काकू आत दिव्यापाशी आहेत. मी गॅलरीत. पेटी मांडीवर.

पलीकडून हाक आली. आई.

लहान मुलीचा आवाज. काकूंना नाही आला.

पुन्हा. आई.

आता थांबायचं असतं. का ते माहीत नाही, पण थांबायचं असतं. सगळं अंग नुसतं कान —

तिसरी आली. तिसरी आली. आई.

घशात ओ आली आहे. कुणीतरी द्यायला हवी, पोर पाण्याजवळ उभं आहे, अंधारतंय. पण तिची आई कुठे आहे? मी कशी देऊ? मी तर कुणाची —